पत्र्याच्या पेटीतले आजोबा

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा, असे सगळेच सांगतात. मी वंशावळ काढायला घेतली. गाव मुरबाड तालुक्यातले, राहणे कल्याणला. एक वही, एक पेन आणि भरपूर वेळ. कोणाला सोबत घ्यायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. चार भाऊबंद जमले की आधी चहा होतो, मग बांधाचा विषय निघतो आणि वही मिटवून घरी यावे लागते, हा अनुभव कोणाला नाही?

वर्षभर एकट्याने बरे चालले होते. मग पुतण्याच्या मुलीचा इंजिनीअरिंगचा प्रवेश आला आणि छंदाचे काम झाले. आम्ही कुणबी. जात पडताळणीत इतर मागासवर्गीयांकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांच्या बाजूचा पुरावा मागतात. आमच्याकडच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांना तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा शोधावा लागतो. ज्यांच्या घरात शाळेचे तोंड पाहिलेला पहिला माणूस त्यानंतरचा, त्यांनी काय करावे? आमच्या वडिलांचा शाळेचा दाखला २००५च्या जुलैच्या पुरात गेला. उरली रेशनकार्डावरची जन्मतारीख : १ जून १९४४. त्या काळी मास्तरांनी निम्म्या तालुक्याला १ जूनलाच जन्माला घातले होते!

जुन्या जन्मनोंदवहीत १९४४ साल मी पानन् पान वाचले. काही नाही. त्या नोंदींत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, तेही आडनावाशिवाय, आणि पुढे 'मुलगा'. आजोबांना आम्ही ज्या नावाने ओळखत होतो, ते तर कुठेच नव्हते.

शेवटी शहापूरला आत्याकडे गेलो. वय नव्वदीच्या घरात, पण बोलणे खणखणीत. म्हणाली, "सिद्धगडावर भाई कोतवालांना गोळी घातली, तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता. बारसंसुद्धा झालं नव्हतं." हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर पडले, तो दिवस २ जानेवारी १९४३. म्हणजे मी दीड वर्ष पुढची वही चाळत बसलो होतो! वर ती म्हणाली, "आजोबांचं कागदावरचं नाव वेगळंच होतं. कागद थोरल्या घरात आहेत."

थोरले घर म्हणजे चुलतभाऊ. वाटणीपासून, म्हणजे एकवीस वर्षे, आमचे बोलणे नव्हते.

गेलो. अण्णाने पाणी दिले. वंशावळ हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. "जमिनीचं काही नाही ना?" त्याचेही चूक नव्हते. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, मोबदल्याचे पैसे आले आणि वारसांच्या यादीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आम्ही दोघांनी पाहिले होते. वंशावळ म्हणजे वारस, आणि वारस म्हणजे हिस्सा, हेच आता लोकांच्या मनात बसले आहे. माझी वही पाहून त्याने विचारले, "आत्याचं नाव कशाला घातलंस?" मी म्हटले, "ती नसती तर साल कोणी सांगितलं असतं?"

बऱ्याच वेळाने पत्र्याची पेटी निघाली. तळाशी जुना कुळाचा कागद होता. आजोबांचे नाव, पुढे 'बिन' आणि पणजोबांचे नाव. ते नाव घेऊन डिसेंबर १९४२चे पान उघडले. दहा मिनिटांत नोंद सापडली, जातीसकट. त्या पानाचा उपयोग आता अण्णाच्या नातवंडांनाही होईल.

इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले. माणूस एकांडा. तरी १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात तेच पुढे होते आणि १९२६मध्ये ते गेल्यावर त्यांचा संग्रह धुळ्याच्या मंडळाने जपला. आपण तर साधी माणसे. वही चाळण्याचे काम एकट्यानेच करावे, तिथे गर्दीचा उपयोग नाही. पण आठवण एका घरात, कागद दुसऱ्या घरात आणि वेळ तिसऱ्याकडे, अशीच आपल्याकडची वाटणी असते. तेव्हा काम कशासाठी आहे ते आधी सर्वांना सांगावे, सापडलेल्या कागदाची प्रत प्रत्येक घरी द्यावी आणि बांधाचा वाद त्या दिवशी घरी ठेवून जावे. म्हाताऱ्या माणसांकडे मात्र सर्वांत आधी जावे. कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत.

गेल्या दिवाळीत अण्णा आणि मी मिळून तक्ता घेऊन आत्याकडे गेलो. तिला वाचता येत नाही. तिने एकेक नाव वाचून घेतले. मग विचारले, "आणि माझी थोरली बहीण? साथीत गेली ती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिचा उल्लेख कुठल्याच कागदावर नव्हता. आत्याने नाव सांगितले. अण्णाने माझ्या हातातले पेन घेतले आणि ते लिहिले.