टर्बोविना मोटार : श्वास किती वाढेल?

बालरोगतज्ज्ञाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपले तरुण डॉक्टर-मित्र हौसेने क्रॉसओव्हर गाडी घेतात आणि लागलीच तिची शक्ती कशी वाढवावी, असे विचारू लागतात. हा प्रश्न मुळात श्वसनाचा असल्यामुळे त्याचे उत्तर देण्याचे धाडस करीत आहे.

उदाहरणादाखल ह्युंदाई क्रेटाचे टर्बो नसलेले दीड लिटरचे पेट्रोल इंजिन घेऊ. त्याची कमाल शक्ती ११५ पीएस आहे. असे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेते. मिनिटाला ६,००० फेऱ्या झाल्या, तर फार तर ४,५०० लिटर हवा आत जाईल. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाला मिनिटाला सहा ते आठ लिटर पुरते! एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. टर्बो ही हवा व्हेंटिलेटरप्रमाणे दाबाने भरतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला मात्र वातावरणाच्या दाबावरच भागवावे लागते. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथे हवा जवळजवळ पाच टक्के विरळ असते आणि शक्तीही त्याच प्रमाणात घटते.

बाजारात तीन उपाय सुचविले जातात. पहिला, कमी अडथळ्याचा एअर फिल्टर. मूळ फिल्टर स्वच्छ असेल तर त्याने पडणारा फरक जाणवण्याजोगा नसतो. दुसरा, इंजिनाच्या संगणकाचे रिमॅपिंग. टर्बो गाडीत त्याने वीस-तीस टक्के वाढ मिळू शकते. येथे मात्र पाच-दहा टक्क्यांवर समाधान मानावे लागते. शिवाय कंपनीची वॉरंटी धोक्यात येते, ते वेगळेच. तिसरा, मोकळा सायलेन्सर. त्याने आवाज वाढतो, शक्ती फारशी नाही.

या तिसऱ्या उपायासोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढला जातो, त्यास माझा ठाम विरोध आहे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे प्रमाण तोच घटवितो. वजनाच्या मानाने लहान मूल प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते आणि रस्त्यावर त्याचे नाक धुराच्या नळीच्या अधिक जवळ असते. चार पीएससाठी ही किंमत कोणी मोजावी? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयेही निर्मात्याच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्यावर शिक्कामोर्तब केले.

मग करावे काय? चार प्रौढ आणि सामान मिळून साडेतीनशे किलो होतात. सव्वा टनाच्या गाडीवर हा भार पाव भागाहून अधिक ठरतो आणि रिमॅपिंगची सारी कमाई गिळून टाकतो. म्हणून टपावरील कॅरिअर आणि डिकीतील अनावश्यक ओझे आधी उतरवावे. बिजासन घाटात ओव्हरटेक करण्यापूर्वी गिअर खाली घ्यावा, कारण या इंजिनाचा जोर ४,५०० फेऱ्यांच्या आसपास असतो. पैसा खर्चावयाचाच असेल तर तो उत्तम टायर, ब्रेकचे पॅड आणि वेळेवर बदललेले ब्रेक-ऑइल यांवर खर्चावा. वेग दुप्पट झाला की थांबविण्याची ऊर्जा चौपट होते. आणि मागील आसनावर मुलाच्या वयाला, वजनाला साजेशी बालआसनाची सोय करावी. माझ्या मते कुटुंबाच्या गाडीत सर्वप्रथम करावयाची सुधारणा तीच होय.