खाजकुइलीच्या संशोधनाला पैसा कोण देणार?
सिन्नरच्या पश्चिमेला सह्याद्रीत खाजकुइलीची वेल सापडते. शेंगांवरच्या कुसळांनी अंगाची आग होते, पण बियांमध्ये लेव्होडोपा असतं. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं आणि जखडलेली हालचाल सुटते. १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी ते या बियांतून वेगळं केलं, १९७८ साली मुंबईच्या डॉक्टरांनी रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण रानातल्या वेलीचं पेटंट मिळत नाही, मग मोठ्या चाचण्यांचा खर्च कंपन्या कशाला करतील? अमेरिकेत अभिनेते मायकेल जे. फॉक्स या कंपवाताच्या रुग्णानेच २००० साली या आजाराच्या संशोधनासाठी निधी उभारला. आपल्याकडे ही जबाबदारी सरकारनेच घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. पेशींचा ऱ्हास थांबवणारं औषध अजून जगात कुठेही नाही. आणि हो, या बिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही घेऊ नयेत.