जुनी मोटार आणि मोठा ब्रेक

मोटार पळते कशी, हें जाणून घेण्याची जिज्ञासा पुष्कळांना असते. ती थांबते कशी, याचा विचार बहुधा ती न थांबल्यावर होतो. जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचे मोठे ब्रेक घरच्या घरीं बसविणाऱ्या हौशी मंडळींनीं मात्र हा विचार आधींच करावयास हवा.

इंग्लंडांत अलेक इसिगोनिस यांनीं आखलेली ‘मिनी’ ही चिमुकली गाडी १९५९ सालीं बाजारांत आली. तिचीं चाकें अवघ्या १० इंचांचीं, आणि त्यांत ७ इंची ड्रमचे ब्रेक. १९६१ च्या ‘कूपर’ मिनीला पुढें ७ इंची चकत्या मिळाल्या. १९८४ पासून १२ इंची चाकें व पुढें ८.४ इंची चकत्या आल्या. २००० सालीं या गाडीचें उत्पादन थांबलें. तथापि तिचे चाहते जुन्या मिनी जतन करितात, आणि मोडींत निघालेल्या पुढील काळच्या मिनीचे, किंवा १९८० सालीं निघालेल्या ‘मेट्रो’ गाडीचे, पुढचे ब्रेक काढून आपल्या गाडीला बसवितात. या खटाटोपांत लाभ कोणता आणि धोका कोठें आहे?

धांवत्या गाडीच्या अंगची शक्ति नष्ट होत नाहीं. ब्रेक तिचें उष्णतेंत रूपांतर करितो. माणसांसह मिनीचें वजन ७०० किलोग्रॅम धरलें, तर ताशीं १०० किलोमीटर वेगावरून ती एकदां थांबवितांना निघणारी उष्णता एक लिटर पाणी ३५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. वेग दुप्पट झाला कीं ही उष्णता चौपट होते. लांब उतारावर ब्रेक वारंवार दाबल्यास पॅड तापतात, घर्षण मंदावतें आणि पेडल घट्ट लागूनही गाडी आवरत नाहीं. मोठी चकती जड असल्यामुळें तितक्याच उष्णतेनें कमी तापते व लवकर निवते. शिवाय तिच्यावरील पकड आंसापासून अधिक दूर बसते. झोंकानें मिटणारें दार बिजागरीजवळ धरण्यापेक्षां कडेला धरून थांबविणें सोपें जातें, तोच हा न्याय.

मोठ्या ब्रेकमुळें गाडी नेहमींच कमी अंतरांत थांबते, ही समजूत मात्र खरी नव्हे. ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबवितें तें टायर व रस्ता यांमधील घर्षण. जुना ब्रेक थंड असतांना चाक जखडून टाकण्याइतका समर्थ असेल, तर नवा त्याहून अधिक कांहीं करूं शकत नाहीं. त्याचा खरा गुण हा कीं, दहाव्या वेळींही तो पहिल्या वेळेसारखेंच काम देतो.

दुसरा प्रश्न समतोलाचा. ब्रेक दाबतांच भार पुढें झुकतो व मागचीं चाकें हलकीं होतात. म्हणून पुढचे ब्रेक अधिक बलवान असावे लागतात. परंतु त्यालाही प्रमाण आहे. पुढचीं चाकें फार लवकर जखडलीं तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच घसरत जाते. मागचीं आधीं जखडलीं तर ती गरकन फिरते. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह नव्या जोडणीस अनुरूप आहे कीं नाहीं, हें पाहिलेंच पाहिजे.

पास्कलच्या नियमाप्रमाणें बंद द्रवावरील दाब सर्वत्र सारखा पोहोंचतो. चकतीला चिमटणाऱ्या कॅलिपरचे दट्टे मोठे असले तर जोर वाढतो, परंतु द्रवही अधिक लागतो. मास्टर सिलिंडर लहान पडला तर पेडल खोल जातें. ड्रमच्या ब्रेकला चाकाच्या फिरण्याचेंच थोडें साहाय्य मिळतें. चकतीला तें मिळत नाहीं, म्हणून पायाला जोर अधिक लावावा लागतो. मेट्रोच्या कॅलिपरला द्रवाच्या दोन वाटा आहेत, मिनीच्या कॅलिपरला एकच. ही जोडणी समजल्यावांचून हात घालूं नये. ८.४ इंची चकती १० इंची चाकांत मावत नाहीं, तेव्हां चाकेंही मोठीं घ्यावीं लागतात. आणि मूळची गाडी ड्रमची असल्यास हब व बाहेरचा सांधाही बदलावा लागतो.

मोडींतून काय घ्यावें? हब, कॅलिपरचा सांगाडा असे लोखंडी भाग पारखून घेतां येतात. रबरी सील, रबरी नळ्या आणि पॅड मात्र नवेच घालावे. तडा गेलेली किंवा ठरलेल्या जाडीपेक्षां झिजलेली चकती फुकट मिळाली तरी महागच. दोन्ही बाजूंचे भाग एकसारखे असावे, नाहींतर गाडी एका बाजूस ओढते. ब्रेक ऑइलही ताजें हवें, कारण तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट-४ जातीचें ताजें ऑइल २३० अंशांपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्या ऑइलासाठीं हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. ऑइल उकळलें कीं नळींत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जातें.

काम करतांना गाडी केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम घोड्यांवर ठेवावी. नळ्यांतील सारी हवा काढावी, पेडल जोरानें दाबून धरून प्रत्येक सांधा गळतीसाठीं तपासावा, आणि पहिली चांचणी मोकळ्या जागेंत चालण्याच्या वेगानेंच घ्यावी. त्यानंतर जाणत्या कारागिराकडून, फिरत्या रुळांच्या यंत्रावर, चारी चाकांचा जोर मोजून घ्यावा. या शेवटच्या खर्चांत काटकसर करूं नये. घरीं दुरुस्त केलेला रेडिओ बोलला नाहीं, तर एका संध्याकाळची करमणूक बुडते. घरीं बसविलेला ब्रेक लागला नाहीं, तर त्याची किंमत पुष्कळदां गाडीच्या मालकाला नव्हे, रस्ता ओलांडणाऱ्या परक्याला द्यावी लागते.