देवी-निर्मूलनाची मोहीम आणि विचारण्याची भाषा

विस्तीर्ण लोकसंख्येच्या व तुटपुंज्या साधनांच्या देशात सार्वत्रिक लसीकरण करावयाचे म्हटले की लस, सुई आणि टोचणारा हात या तीन गोष्टींचाच विचार प्रथम मनात येतो. भारतातील देवी-निर्मूलनाचा इतिहास पाहता मात्र असे दिसते की, या गोष्टी बऱ्याच अंशी हाती असतानाही कार्य दहा वर्षांहून अधिक काळ अडून राहिले होते. ते पुढे सरकले ते बातमी मिळविण्याची रीत बदलल्यानंतर. आणि बातमी हा मूलतः भाषेचा व्यवहार असल्यामुळे हे प्रकरण भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येते.

राष्ट्रीय देवी-निर्मूलन कार्यक्रमाचा आरंभ १९६२ साली झाला. तीन वर्षांत ८० टक्के लोकसंख्येला लस टोचली म्हणजे रोगाची साखळी आपोआप तुटेल, हे त्यामागील गृहीत होते. टोचण्यांची संख्या खरोखरच प्रचंड झाली. पण रोग हटला नाही. याचे एक कारण हिशेबाच्या पद्धतीत होते. तक्त्यात मोजल्या जात त्या टोचण्या, माणसे नव्हेत. शाळेतील मुले एका जागी सापडतात, म्हणून तीच पुनःपुन्हा टोचली जात; तान्ही मुले, कामासाठी गाव सोडून फिरणारे मजूर, वस्तीच्या कडेला राहणारी कुटुंबे ही वगळली जात. आकडा वाढत होता आणि त्याचा अर्थ घटत होता. उद्दिष्ट गाठल्याचा कागद वरच्या कचेरीत पोचला की खालच्या कर्मचाऱ्याला नव्या रुग्णाची वार्ता कळविणे अडचणीचेच वाटू लागते, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे.

साधने दरम्यान सुधारली होती. उन्हाळ्यात नासणाऱ्या द्रवरूप लसीची जागा गोठवून शुष्क केलेल्या लसीने घेतली आणि दुशाखी सुईमुळे थोड्या लशीत अनेकांना टोचणे शक्य झाले. ही सुई वापरण्यास इतकी सोपी, की तिचे शिक्षण अल्पावधीत देता येई. विचारपद्धतीतील बदलाचा उगम मात्र दूर होता. १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात लस अपुरी पडली, तेव्हा विल्यम फेगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांना टोचण्याचा नाद सोडून रुग्ण कोठे आहेत ते आधी शोधले आणि त्यांच्या भोवतालच्या माणसांनाच टोचले. देवीचा विषाणू मनुष्याखेरीज अन्य प्राण्यात वस्ती करीत नाही, रोगाची खूण चेहऱ्यावर व हातापायांवर स्पष्ट उमटते, आणि संसर्गानंतर तीन-चार दिवसांच्या आत टोचले तरी बहुधा संरक्षण मिळते. या तीन गोष्टींमुळे हा मार्ग शक्य झाला. प्रत्येक रोगाबाबत तो चालेल असे नाही.

भारतात या मार्गाचा व्यापक अवलंब १९७३ च्या शरद ऋतूत झाला. रोग तेव्हा मुख्यत्वे उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश व पश्चिम बंगाल या चार राज्यांत उरला होता. आरोग्य खात्याचे कर्मचारी ठरावीक दिवशी आपली नित्याची कामे बाजूला ठेवून गावोगाव व घरोघर फिरत आणि एकच प्रश्न विचारीत: येथे कोणाला देवी आल्या आहेत काय?

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. मराठीत ‘देवी’ हेच रोगाचे नाव; ‘देवी येणे’ म्हणजे आजारी पडणे आणि ‘देवी काढणे’ म्हणजे लस टोचणे. एकाच शब्दात देवता, व्याधी आणि तिच्यावरील उपाय असे तिन्ही अर्थ नांदतात, हे मराठीचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. मात्र कांजिण्या व गोवर यांना मराठीत स्वतंत्र नावे असल्याने घोटाळ्याला जागा थोडी उरते. हिंदी प्रदेशात ‘माता’ हा शब्द देवीला लावतात तसा कांजिण्यांनाही लावतात. ‘बडी’ व ‘छोटी’ ही विशेषणे जोडल्यावरच भेद कळतो, आणि रोजच्या बोलण्यात ती गळून पडतात. बंगालीत ‘गुटी बसंत’ व ‘जल बसंत’ यांची हीच कथा. भरीला भर म्हणजे माता घरात आली असता तिची वाच्यता परक्यापाशी करणे अनेकांना प्रशस्त वाटत नसे. तेव्हा ‘माता आली आहे काय’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते रोगाविषयी आहे की विचारणाऱ्याविषयी, हे ठरविणे कठीण होते.

मोहिमेने यावर योजलेला उपाय शब्दाला वळसा घालणारा होता. शोधकाच्या हाती देवी आलेल्या बालकाचे चित्र असलेले एक ओळखपत्र दिले गेले. ‘असे कोणी पाहिले आहे काय’ एवढेच विचारावयाचे. नामाचे काम दर्शक सर्वनामाने केले आणि बोलींची सीमा त्यामुळे ओलांडता आली. दुसरी युक्ती श्रोता बदलण्याची. घरातील कर्त्या माणसाला जे सांगणे जड जाते ते शाळेतील मूल किंवा आठवडी बाजाराला आलेला शेजारच्या गावचा माणूस सहज सांगतो. म्हणून शाळा व बाजार ही शोधाची ठिकाणे ठरली. अफवाही नोंदवून घेतल्या जात व प्रत्येकीची शहानिशा होई. शासकीय व्यवहारात अफवेला असे मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल! शोधकांच्या मागाहून तपासनीस काही गावांत जात आणि ते चित्र कोणी दाखविले होते काय, असे विचारीत. म्हणजे तपासणी होई ती प्रश्न पोचला की नाही याची.

ऐकण्याची सोय झाल्याबरोबर रोग वाढल्यासारखा दिसू लागला. पहिल्याच शोधात हजारो अज्ञात रुग्ण उजेडात आले. १९७४ साली भारतात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण व ३१ हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. बिहारमधील स्थिती सर्वांत भीषण होती. ही नवी रीत सोडून पुन्हा सरसकट टोचणीकडे वळावे, असा विचार तेथील आरोग्यमंत्र्यांनी बोलून दाखविला. त्या बैठकीत एका तरुण भारतीय डॉक्टराने, गावात घर पेटले तर पाणी त्याच घरावर ओततात, सगळ्या घरांवर नव्हे, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे फेगी यांनी पुढे लिहिले आहे. एका महिन्याची मुदत मिळाली. आकडेवारीच्या तक्त्यांनी जे साधले नव्हते ते खेड्यातील एका दृष्टान्ताने साधले.

पुढील काम कष्टाचे, पण सरळ होते. रुग्णाच्या घरावर पहारेकरी बसवावयाचे, येणाऱ्याजाणाऱ्यास टोचावयाचे, मग सारा गाव व आसपासचा टापू टोचावयाचा. पहारेकऱ्यांच्या वेतनाचा खर्च निष्फळ टोचण्यांपेक्षा स्वस्त पडला. बातमी देणाऱ्यास बक्षीसही असे. रुग्ण विरळ होत गेले तशी त्याची रक्कम वाढत १९७५ मध्ये १००० रुपयांवर गेली.

देशांतर्गत संसर्गाचा शेवटचा रुग्ण १७ मे १९७५ रोजी बिहारमधील कटिहार जिल्ह्यात आढळला. त्यानंतर एका आठवड्याने आसामातील करीमगंज येथे बांगलादेशातून आलेली एक रुग्ण स्त्री सापडली, ती अखेरची. तरीही शोधक चित्र घेऊन फिरतच राहिले. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश मुक्त ठरवीपर्यंत लोक वार्ता देत राहिले, शोधक त्या नोंदवीत राहिले, आणि तपासाअंती कांजिण्या, गोवर किंवा खरूज यांखेरीज हाती काही लागले नाही.