कपातीची पहिली कुऱ्हाड

परदेशी नोकरीचे अप्रूप आणि तिचे हाल, दोन्ही गोमंतकाला ठाऊक आहेत. तारवटी आणि आखातातील कामगार यांच्या सुखदुःखाशी येथील कितीतरी घरे बांधलेली आहेत. त्या मालिकेत वैमानिकाला बसविणे मात्र कोणालाही विचित्रच वाटेल. खांद्यावर चार पट्ट्या, भरघोस पगार, कंपनीचे घर, मुलांच्या शाळेचे शुल्कही कंपनीकडून. अशा माणसाची कीव कोणी का करावी? परंतु २०२० साली जे घडले ते पाहता त्याची स्थितीही अखेर परक्या देशातील कंत्राटी नोकराचीच आहे, हे मान्य करावे लागते.

२०१९ साली जगात सुमारे ४.५ अब्ज प्रवाशांनी विमानप्रवास केला. महामारीच्या पहिल्याच वर्षी ही संख्या १.८ अब्जांवर आली. कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली, आणि ती आधी कोठे लागली ते पाहण्यासारखे आहे. कोरियन एअरने आपल्या सुमारे ३९० परदेशी वैमानिकांना सरसकट बिनपगारी रजेवर धाडले. चीनमध्ये हे त्याआधीच सुरू झाले होते. कतार एअरवेजने परदेशी वैमानिकांचे पगार कापले आणि काहींना नारळ दिला. एमिरेट्सने शेकडो वैमानिक कमी केले. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने ऑक्टोबरात कॅथे ड्रॅगन ही उपकंपनीच बंद केली आणि उरलेल्या वैमानिकांपुढे कमी वेतनाचे नवे करार ठेवले.

संकटात स्वकीयांना आधी सांभाळावे, यात अस्वाभाविक काही नाही. आपणही निराळे वागलो नाही. स्वस्त विमानसेवांच्या भरभराटीत अनुभवी कप्तान मिळेनात, तेव्हा आपल्या कंपन्यांनी परदेशांतून ते आणले. २००८ची मंदी येताच त्यांना परत धाडा, अशी मागणी येथील वैमानिकांनीच केली.

मात्र वैमानिकाची बेकारी इतरांसारखी नसते. अभियंत्याने वर्षभर घरी बसावे आणि पुन्हा कामावर जावे. वैमानिकाचे तसे नाही. गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणे व तीन अवतरणे झालेली नसतील, तर त्याला प्रवासी घेऊन उडता येत नाही. ठराविक मुदतीने सिम्युलेटरवर चाचणी द्यावी लागते आणि वैद्यकीय तपासणी चुकत नाही. एका जातीच्या विमानावरील पात्रता दुसऱ्या जातीला चालत नाही. एका देशाचा परवानाही दुसऱ्या देशात आपोआप ग्राह्य धरला जात नाही. त्यात राहण्याचा परवाना नोकरीशीच जखडलेला. करार संपला की घर, शाळा, व्हिसा एकदमच संपतात. कर्जाचे हप्ते तेवढे चालू राहतात. २०२० साली तर परतीची नियमित विमानेही बंद होती.

आपल्या कायद्याची दृष्टी याबाबत अपुरी आहे. परदेशी जाणाऱ्यांची जी सरकारी तपासणी होते, ती मुख्यतः दहावीही न झालेल्यांसाठी. शिकलेला माणूस आपले हित आपण पाहील, असे गृहीत धरलेले आहे. याच वैमानिकाने तेजीत नोकरी सोडायची म्हटली, की मात्र सरकारला जाग येते. २०१७ साली कप्तानाला राजीनाम्यासाठी एक वर्षाची पूर्वसूचना बंधनकारक करण्यात आली! त्याला काढायचे ठरले तर वर्षभर आधी सांगण्याचे असे बंधन आखातातील कंपनीवर नाही.

शहाणपण कंपन्यांनाही येते, पण उशिरा. २०२१च्या ऑक्टोबरात एमिरेट्सने सहा महिन्यांत ६,००० कर्मचारी भरण्याची घोषणा केली, तीत वैमानिकही होते. २०२४च्या आरंभी वैमानिकांच्या तुटवड्यामुळे कॅथे पॅसिफिकला उड्डाणे रद्द करावी लागली.

पुढची मंदी कधी येईल ते ठाऊक नसले, तरी तयारी आजच करता येईल. आखाती देशांशी होणाऱ्या श्रमविषयक करारांत केवळ मजुरांचा नव्हे, तर अशा कुशल कर्मचाऱ्यांचाही विचार व्हावा. नोकरी गेल्यावर आवराआवरीसाठी पुरेशी मुदत आणि थकलेल्या देण्यांची हमी मिळावी. आणि परत आलेल्या वैमानिकाचा परवाना चालू राहावा म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सिम्युलेटरची सोय माफक दरात करून द्यावी.