दोन गाणी, दोन्ही स्वतःची

कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून चालत दोन मिनिटांवर एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर कॉमर्सचे क्लास चालतात. साडेसहाला शेवटची बॅच सुटते आणि सात वाजता खोली पोरांच्या ताब्यात येते. फळ्यावरचा ताळेबंद अजून तसाच आहे. एक मुलगी डस्टरनं त्याचा खालचा निम्मा भाग पुसते आणि तिथं आज गाणाऱ्यांची नावं लिहायला घेते. वर भांडवल आणि देणी, खाली नऊ नावं.

बाकं भिंतीला लावून झालीयत. दोन बाकं जोडून त्यांवर मिक्सर ठेवलाय. मंडपवाल्या मित्राकडून आणलेला एकुलता एक स्पीकर स्टुलावर चढवलाय. दारात स्टीलचा डबा आहे, ज्याला जे जमेल ते त्यानं टाकायचं. कुणी दहाची नोट टाकतं, कुणी 'पुढच्या वेळी देतो' म्हणून आत येतं. अडवत कुणी नाही.

हे सगळं सुरू होऊन जेमतेम चार महिने झालेत. महिन्यातला एक शनिवार. कार्यक्रमाला नाव नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नावावरून रोज वाद होतो आणि तोवर सगळे त्याला नुसतं 'शनिवार' म्हणतात. नियम मात्र पहिल्याच बैठकीत ठरलेत. एकानं दोनच गाणी म्हणायची आणि दोन्ही स्वतःची. सिनेमातलं चालणार नाही, दुसऱ्याचं गाजलेलं चालणार नाही. गाणं अर्धवट असलं तरी चालेल. कुणी गात असताना बोलायचं नाही.

सव्वासातला गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायरला लावतात आणि खोलीभर 'घूं' असा आवाज भरतो.

"अर्थिंग बघ की रं."

"अर्थिंग बरोबर हाय भावा. वायर बदल."

वायर बदलतात. आवाज तसाच. साउंड सांभाळणारा पोरगा पॉलिटेक्निकचा आहे, कमी बोलणारा. तो गिटारच्या तारांवर हात ठेवतो, घूं कमी होतं. हात काढतो, पुन्हा वाढतं. "बाहेरनं यालंय," एवढंच म्हणून तो स्विचबोर्डाकडे जातो. ट्यूब बंद करून बघतो, फरक नाही. ट्यूब पुन्हा लावतो. मग पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण खाली करतो आणि घूं जागच्या जागी थांबतं. पंखे आणि गिटार एकत्र चालणार नाहीत, असा निकाल लागतो. ऑगस्ट महिना, बाहेर श्रावणातला पाऊस उघडझाप करतोय, खोलीत चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसलीयत आणि हवा हलत नाही. तरी एकही जण 'पंखा लावा' म्हणत नाही. गाण्यासाठी घाम सोसायला तयार असलेले हे श्रोते पाहून मला फार बरं वाटतं.

"मी आधी गातो, हॉस्टेलचं गेट बंद हुतंय," असं म्हणत भुदरगडातल्या एका गावची मुलगी पुढे येते. विद्यापीठात एम.एस्सी. करते. गिटार सेकंडहँड आहे, कडेचं पॉलिश उडालेलं. तिचं गाणं एसटीच्या थांब्यावरचं आहे.

'थांबा हाय, गाडी थांबत न्हाई,
हात क्येला, धुरळा तेवढा ऱ्हाई.'

चाल सरळ आहे, पण 'ऱ्हाई'वर ती सूर खाली सोडते आणि तिथं खरंच गाडी निघून गेल्यासारखं होतं. दोन कडवी होतात. तिसऱ्याच्या तोंडाशी ती थांबते. "हितनं फुडं अजून सुचलं न्हाई," म्हणते आणि शब्दांच्या जागी नुसती गुणगुणत राहते. मागच्या बाकावरचा एक जण मांडीवर ठेका धरतो. मग दुसरा. न लिहिलेलं कडवं सगळी खोली तिच्याबरोबर पुरं करते.

मला या जागेचं मोल इथं कळतं. आपल्याकडं कॉलेजच्या पोरांना गाण्यासाठी मोठा मंच मिळतो तो युवा महोत्सवाचा. शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या कॉलेजांतून पथकं येतात. त्यातून निवडलेले पुढे पश्चिम विभागाच्या महोत्सवात आणि राज्यपातळीवरच्या 'इंद्रधनुष्य'मध्ये जातात. तिथं समूहगीताला सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं, असा हिशेब असतो. परीक्षक असतात, गुण असतात, घड्याळ असतं. त्या मंचानं खेड्यापाड्यातली किती तरी पोरं धीट केली, हे मी पाहिलंय आणि त्याचं ऋण मानतो. पण तिथं जायचं ते घोटून घोटून पक्कं केलेलं घेऊनच. तिसरं कडवं सुचलेलं नाही असं सांगायला तिथं जागा नाही. नवं गाणं तर आधी अर्धवटच असतं. ते त्या अवस्थेत कुणीतरी ऐकावं लागतं.

जिन्यात जळक्या कागदाचा वास येतोय. बाहेर डोकावतो तर करवीर तालुक्यातला एक आयटीआयचा पोरगा जुना पेपर पेटवून त्याच्या आचेवर हलगी धरून उभा आहे. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं, आवाज बसतो. तो हलगी फिरवत राहतो, मध्येच बोटाच्या पेरानं टिचकी मारून कानाशी नेतो, पुन्हा आचेवर धरतो. तिसऱ्या टिचकीला हलगी टणकन् बोलते. "आली," तो म्हणतो आणि पेपरवर पाय देऊन जाळ विझवतो.

आत त्याच्यावरून वाद. त्याच्या गाण्याला शब्दच नाहीत, नुसती हलगी आहे. मग ते गाणं धरायचं का? यादी लिहिणारी मुलगी त्यालाच विचारते, "तुझं स्वतःचं हाय न्हवं?" तो मान हलवतो. "मग बास," ती म्हणते.

तो उभ्यानं वाजवतो. उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्या हाताच्या बोटांत बारीक लवचिक काडी. माइक लागत नाही. आधी संथ, दोन मल्ल एकमेकांभोवती फिरत असताना असावा तसा ठेका. मग काडीचा आवाज दाट होत जातो, टिपरू मागे राहून एकदम पुढे उडी घेतं, आणि कुठं डाव लागला ते न सांगता समजतं. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं खासबाग मैदान इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथं कुस्तीला हलगी पाहिजेच. वरातीला पाहिजे, मिरवणुकीला पाहिजे, निवडणुकीच्या विजयाला पाहिजे. पण या सगळ्या ठिकाणी ती दुसऱ्या कुणाच्या जिंकण्यासाठी वाजते. वाजवणारा कडेला असतो, त्याला कुणी ऐकत बसत नाही, आणि तो कडेला का असतो यामागं जातीचा इतिहास आहे. आज चाळीस माणसं फक्त त्याच्याकडं बघत बसलीयत. वाजवणं संपल्यावर टाळ्या येतात तेव्हा त्याला हलगी कुठं ठेवावी ते कळत नाही. कुणीतरी सरकून त्याला बाकावर जागा करतं.

माझ्या शेजारी एक निवृत्त संगीतशिक्षक आहेत. पोरांनी त्यांना आवर्जून बोलावलंय. पहिली दोन गाणी ते हाताची घडी घालून ऐकत होते, हलगीला ती सुटली. "गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा," ते हळू आवाजात मला सांगतात, "तोसुद्धा हौशी मंडळींचाच. अल्लादियाखाँसाहेब या गावात गायचे ते दरबारामुळं, पण गाव कानसेन झालं ते अशा छोट्या बैठकांनी." मग एकेक नाव निघत जातं. 'अयोध्येचा राजा' हा सिनेमा १९३२ मध्ये इथंच तयार झाला आणि त्याला संगीत आपल्या गोविंदराव टेंब्यांचं. सुधीर फडके जन्मानं कोल्हापूरचे. गीतकार जगदीश खेबुडकर हळदीचे, पेशानं शिक्षक. "हे सगळे कुणाच्या तरी पुढ्यात पहिल्यांदा गायले-बोलले असतील की नाही? ती माणसं कोण होती, ते कुणी लिहून ठेवत नाही," ते म्हणतात.

त्यांचं हे वाक्य मला पटतं. कोल्हापूरला पुतळे उभारायची सवय आहे, पहिल्या श्रोत्यांची आठवण ठेवायची नाही. आणि जागा तर कमीच होत चालल्यात. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं या गावानं पाहिलीत. ते नाट्यगृह पुन्हा उभं राहीलच. पण चाळीस माणसांच्या खोल्या कोण बांधणार?

कॉलेजनं जागा द्यावी, विद्यार्थी परिषदेनं पैसे द्यावेत, हे सुचवून बघा म्हटलं तर मिक्सरवरचा पोरगा पहिल्यांदाच हसतो. "जी.एस. कोण हाय तेच आमाला म्हाईत न्हाई, सर." १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या विद्यार्थी परिषदेच्या, म्हणजे या जी.एस.च्या, खुल्या निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद पुन्हा आली, पण या खोलीतल्या एकाही पोरानं कॉलेजात मतदान केलेलं नाही. मारामाऱ्या, पैसा, एका विद्यार्थ्याचा खून, हे सगळं त्या बंदीमागं होतं, ते नाकारता येणार नाही. पण बंदीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आपला कारभार आपण करायची संधी. इंग्लंडात विद्यार्थी संघटनेचाच एक पदाधिकारी गाणंबजावणं ठरवायचा, कुठला बँड बोलवायचा ते तो आणि त्याचे दोस्त बघायचे. लीड्स विद्यापीठाच्या खाणावळीत १४ फेब्रुवारी १९७० ला 'द हू' हा बँड वाजवून गेला आणि त्या रात्रीची ध्वनिमुद्रिका आजही जगभर ऐकली जाते. आपल्या गाण्याचा कारभार आपण करायचा, हे तिथल्या विशीतल्या पोरांना संघटनेनं शिकवलं. इथली पोरं ते संघटनेविना शिकतायत, स्टीलच्या डब्यावर.

आठ वाजता खाली रस्त्यावर एकदम झांजा सुरू होतात. शेजारच्या तालमीच्या झांजपथकाचा सराव. गणपती दोन आठवड्यांवर आलेत. खोलीत नेमका तेव्हाच इंजिनिअरिंगचा एक मुलगा उभा आहे आणि त्याचं गाणं आजच्या यादीतलं सगळ्यात हळू आहे. गावातलं गुऱ्हाळ बंद पडलंय, काहील पालथी घातलीय, चुलवाणात कुत्री झोपतात, आणि म्हातारा गुळव्या अजून रोज पहाटे उठून तिथं जाऊन बसतो, असं ते गाणं. पहिल्या ओळीलाच झांजेचा दणका बसतो. तो थांबतो. खिडक्या लावतात. उकाडा दुप्पट होतो आणि झांजा तेवढ्याच ऐकू येतात.

"डॉल्बी न्हाई तेवढं नशीब समज," कुणीतरी म्हणतं. यादीवाली मुलगी चप्पल अडकवून खाली जाते. वरून आम्हाला तिचं बोलणं ऐकू येत नाही, फक्त झांजा थांबल्याचं कळतं. ती परत येते ती तालमीतल्या दोघांना घेऊन. एकाच्या गळ्यात अजून झांजेचा पट्टा आहे.

"दहा मिन्टं दिली, भावा. मग आमचं," तो गाणाऱ्याला सांगतो आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो.

मुलगा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आवाज तयारीचा नाही, वरच्या सुरात फाटतो. पण गुळव्या उकळत्या रसाकडं बघून 'आता उतरवा' म्हणायचा, ते थर्मामीटरविना त्याला कसं कळायचं, हे ज्या कडव्यात येतं, तिथं दारातला तालमीचा पोरगा मान खाली घालून ऐकतो. तोही कुठल्या तरी गुऱ्हाळावर वाढलेला असणार. मराठीत नवी गाणी होत नाहीत अशी तक्रार मी अनेक बैठकांत ऐकलीय. ती करणाऱ्यांनी या खोलीत येऊन दहा मिनिटं उभं राहावं, एवढंच माझं मागणं आहे.

दहा मिनिटं होतात. झांजा पुन्हा वाजू लागतात आणि यादीतलं पुढचं नाव एका रॅप करणाऱ्याचं असल्यानं त्याला त्या फायद्याच्याच ठरतात. तो खिडकी उघडायला लावतो, खालचा ठेका पकडतो आणि रंकाळा तलावाच्या पाण्यावर सुरू करतो. दुसऱ्या कडव्यापासून हलगीवालाही उठतो. हे काही ठरलेलं नव्हतं. शब्द निम्मे कळत नाहीत, पण अख्खी खोली उभी आहे.

साडेनऊला मिक्सर बंद. दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही आणि क्लासच्या सरांना शेजाऱ्यांकडून बोलणी बसायला नकोत. सर स्वतः शेवटच्या बाकावर बसलेत. भाडं ते घेत नाहीत, पण दिवाळीपर्यंत बारावीची जादा बॅच शनिवारी संध्याकाळीच ठेवावी लागेल, असं सांगतात. रविवारी सकाळी खोली मोकळी असते.

"सकाळी सातला कोण गातंय सर?"

"भैरव गा की," संगीतशिक्षक म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतायत.

डबा उलटा करून पैसे मोजतात. स्पीकरच्या टेंपोचं भाडं निघतं, चहाचे पैसे कमी पडतात. वर्गणी काढायची का, यावर चर्चा सुरू होते. रॅपवाला म्हणतो तिकीट लावू, यादीवाली म्हणते मग गावाकडची पोरं यायची बंद होतील. कुणाचंच पटत नाही. तालमीतला पोरगा हे सगळं ऐकत अजून दारातच आहे. स्पीकर उचलायला तो हात लावतो. दोघं-तिघं मिळून जिना उतरताना तो वर वळून ओरडतो, "ए ताई, पुढच्या टायमाला माझं नाव घाल की. हाय एक गाणं."

"स्वतःचं हाय?"

"निम्मं हाय."

"चालतंय. दोन लागतात पर. दुसरं कधी करणार?"

"गणपती झालं की," तो म्हणतो, आणि स्पीकरचं टोक कठड्याला घासू नये म्हणून खालच्याला थांबायला सांगतो.