लेकरू गेलेल्या घरी

म्हातारे माणूस गेले की आपण म्हणतो, 'पिकले पान गळाले.' पण दवाखान्यात नेलेले लेकरू परत आले नाही, तर काय म्हणावे? शब्द सापडत नाहीत. मग आपण त्या घरी जायचेच टाळतो. मंडळी, हे बरे नाही.

आमच्या आळीत एक अंगावर पिणारे लेकरू असेच गेले. आई रात्रंदिवस रडे. बाप मात्र पाचव्या दिवशी औत घेऊन शेतावर गेला. लोक म्हणाले, "बापाला काही वाटत नाही." आईलाही तसेच वाटू लागले. दोघांचे बोलणे तुटले.

एकदा आम्ही बांधावरून चाललो होतो. औत उभे होते. बाप बांधावर बसला होता. हातात लेकराचे टोपडे होते.

दुःख एकच, पण त्याच्या तऱ्हा अनेक. कोणी रडतो, कोणी गप्प होतो. कोणी कामाला जुंपून घेतो, कोणी रागावतो. झोप उडते, अन्न गोड लागत नाही. 'लवकर नेले असते तर?' असे आईबाप स्वतःलाच विचारतात. चूक नसली तरी विचारतात. अशा वेळी "दवाखान्यात उशीर केलात," असे म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. "दुसरे होईल," असेही म्हणू नये. गेलेले लेकरू दुसऱ्याने भरून निघत नाही.

मग काय करावे? जाऊन जवळ बसावे. लेकराचे नाव घ्यावे. भाकरतुकडा न्यावा. लेकरू गेले तरी आईला पान्हा येतो, छाती दुखते. तिने लाज न धरता नर्सबाईंना विचारावे. घरातल्या भावंडांना 'बाळ झोपले' असे सांगू नये. त्यांना झोपेचीच भीती बसते. 'बाळ वारले, आता परत येणार नाही,' असे मायेने, पण खरे सांगावे.

महिने लोटले तरी माणूस उठेना, किंवा जीव नको म्हणू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. डॉक्टरकडे न्यावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेला टेली मानस हा फोन आहे. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत. रात्रीही लागतो.

त्या दिवशी आम्ही बापाजवळ बसलो. लेकराचे नाव घेतले. तेव्हा कुठे त्याला रडू फुटले. आम्ही म्हटले, "बाबा रे, हे टोपडे तिला दाखव."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, काल आम्ही दोघं मिळून रडलो."